अँटिबायोटिकची यादी पाठ करण्याआधी: बॅक्टेरिया आणि औषधाची जोडी डोक्यात कशी बसवायची

मायक्रोबायोलॉजी एका पुस्तकात, फार्माकोलॉजी दुसऱ्या पुस्तकात, शिकवणारे वेगळे, परीक्षा वेगळी, आणि मग वॉर्डात पहिल्याच राउंडला कोणीतरी विचारतं "लघवीचं इन्फेक्शन आहे, काय द्यायचं सांग", तेव्हा डोक्यात एकीकडे बॅक्टेरियांच्या नावांची गर्दी असते, दुसरीकडे औषधांच्या नावांची, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. मेडिकल असो, नर्सिंग असो, फार्मसी किंवा लॅबचा कोर्स असो, नव्या माणसाचं घोडं इथेच अडतं. ज्या क्रमाने विचार केल्यावर मला हा विषय सुटत गेला तो क्रम इथे लिहितेय. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात, म्हणजे आधी औषध, मग त्याचा स्पेक्ट्रम (ते कुठल्या कुठल्या बॅक्टेरियाला चालतं), मग साइड इफेक्ट, असं घोकत जातात आणि आठवड्याभरात सगळं विसरतात. औषध हा सगळ्यात शेवटी यायचा प्रश्न आहे, त्याच्या आधीचे प्रश्न नीट सोडवले की औषधाला दोन-तीनच पर्याय उरतात.

हे सगळं शिकणाऱ्यांसाठी आहे हां, वाचून स्वतःच गोळ्या सुरू करण्यासाठी नाही.

हाताशी काय हवं

- एक छोटी वही, ज्यात प्रत्येक औषधाला अर्धंच पान द्यायचं (का ते ६ नंबरमध्ये सांगते)
- तुम्ही जिथे काम करता तिथला अँटिबायोग्राम, म्हणजे तिथल्या लॅबमध्ये कुठला बॅक्टेरिया कुठल्या औषधाला किती टक्के दाद देतो त्याचा तक्ता, आणि तिथली अँटिबायोटिक पॉलिसी
- पेशंटचे जुने कल्चर रिपोर्ट
- वजन, वय, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी), प्रेग्नन्सी आहे का
- अ‍ॅलर्जीची नीट हिस्टरी, फक्त "पेनिसिलिन अ‍ॅलर्जी" एवढे दोन शब्द नव्हे
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आणि गेल्या तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक झालंय का

शेवटचा मुद्दा कोणी विचारतच नाही. नुकतंच जे औषध होऊन गेलंय त्याला दाद न देणारे बॅक्टेरिया मागे उरलेले असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तेच औषध परत देण्याआधी दोनदा विचार करायचा.

१. हे बॅक्टेरियाचंच आहे का?

सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी, बहुतेक खोकला हे व्हायरसचं काम. व्हायरसला ना बॅक्टेरियासारखी सेल वॉल, ना स्वतःचा रायबोसोम, म्हणजे अँटिबायोटिकने घाव घालायचा तो कुठे? शेंबूड किंवा बेडका हिरवा-पिवळा झाला म्हणजे बॅक्टेरिया, हा समज डोक्यातून काढून टाका, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एन्झाइमचा असतो आणि व्हायरल इन्फेक्शनमध्येही येतो. ताप तर औषधाने येतो, रक्ताच्या गुठळीने येतो, संधिवाताच्या आजारांत येतो. सीआरपी (अंगात सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) वाढला एवढ्यावर निदान होत नाही.

दुसरा प्रश्न याच्याहून नाजूक आहे. बॅक्टेरिया आहे, पण तो आजार करतोय का नुसता राहतोय? आपल्या कातडीवर, घशात, आतड्यात तो कायमच असतो. जुन्या जखमेवरून स्वॅब फिरवला तर काही ना काही उगवणारच, आणि बरेच दिवस कॅथेटर असलेल्या माणसाच्या लघवीत बॅक्टेरिया सापडणं हे नेहमीचंच. लघवी कल्चर पॉझिटिव्ह आलं पण जळजळ नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही, तर साधारणपणे औषध द्यायचं नसतं. प्रेग्नन्सी आणि लघवीच्या मार्गाची रक्त येईल अशी प्रोसिजर, हे दोन ठळक अपवाद. उपचार रिपोर्टचा करायचा नाही, पेशंटचा करायचा, हे सीनियर सारखं सांगतात आणि तरी सगळ्यात जास्त फालतू अँटिबायोटिक याच लघवीच्या रिपोर्टवर सुटतात असं माझं मत आहे.

२. इन्फेक्शन कुठे आहे ते ठरवा

जागा कळली की संशयित चारपाचच उरतात. ही यादी मात्र पाठच करा, याला पर्याय नाही:

- कातडी, गळू, सेल्युलायटिस (कातडीच्या खालच्या थरांचं इन्फेक्शन): स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस. पू असेल तर स्टॅफचा संशय आधी, पू नसून लाली पसरत असेल तर स्ट्रेपचा.
- लघवी: ई. कोलाय, आणि बऱ्याच अंतराने क्लेबसिएला, प्रोटियस, एन्टेरोकोकस
- बाहेरून आलेला न्यूमोनिया: न्यूमोकोकस, हिमोफिलस, शिवाय मायकोप्लाझ्मा आणि लेजिओनेलासारखे अटिपिकल
- हॉस्पिटलमध्ये झालेला न्यूमोनिया: स्यूडोमोनास, क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्टॅफ
- पोटातलं, आतडं फुटलेलं: ई. कोलायची मंडळी आणि बॅक्टेरॉइड्ससारखे अ‍ॅनेरोब (ऑक्सिजनशिवाय वाढणारे), बहुतेक वेळा एकत्र
- मेंदूच्या आवरणाचं (मेनिंजायटिस): मोठ्यांत न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस, नवजात बाळात ग्रुप बी स्ट्रेप, ई. कोलाय आणि लिस्टेरिया. पन्नाशी ओलांडल्यावर लिस्टेरिया परत यादीत येतो

लिस्टेरियाचं नाव मुद्दाम दोनदा घेतलंय, पुढे त्याची गंमत आहे.

३. ग्राम स्टेनशी मैत्री करा

हान्स क्रिस्टियन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये बर्लिनमध्ये काम करताना ही पद्धत छापली. त्याला बॅक्टेरियांचं वर्गीकरण वगैरे करायचं नव्हतं, न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुफ्फुसाच्या तुकड्यात बॅक्टेरिया उठून दिसावेत एवढाच हेतू होता. आज मात्र अख्खं अँटिबायोटिक शास्त्र त्या जांभळ्या-गुलाबी फरकावर उभं आहे, कारण तो फरक नुसत्या रंगाचा नाही, भिंतीचा आहे.

कृती अशी: क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने धुणं, मग सॅफ्रॅनिन. ग्राम पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते, ती जांभळा रंग धरून ठेवते. ग्राम निगेटिव्हची पातळ, वर बाहेरून अजून एक मेंब्रेन, अल्कोहोलने ते मेंब्रेन फाटतं, जांभळा रंग धुऊन जातो आणि शेवटी सॅफ्रॅनिनचा गुलाबी दिसतो. सगळा खेळ धुण्याच्या पायरीवर आहे: जास्त वेळ धुतलं तर ग्राम पॉझिटिव्हही गुलाबी होतो, कमी धुतलं तर सगळंच जांभळं. जुनं कल्चर असेल किंवा पेशंटला अँटिबायोटिक सुरू झालेलं असेल तरीही ग्राम पॉझिटिव्ह गुलाबी दिसू शकतो. म्हणून स्लाइडवर ओळखीचा कंट्रोल असल्याशिवाय माझा स्वतःचा रंगावर विश्वास बसत नाही.

रंग आणि आकार मिळून चार घरं होतात. जांभळे गोल: झुपक्यात असतील तर स्टॅफ, साखळीत असतील तर स्ट्रेप, जोडीने असतील तर न्यूमोकोकस. जांभळे दांडे: क्लॉस्ट्रिडियम, बॅसिलस, कोरिनेबॅक्टेरियम, लिस्टेरिया. गुलाबी गोल: निसेरिया, मोराक्सेला. गुलाबी दांडे हे सगळ्यात गजबजलेलं घर, त्यात ई. कोलाय, क्लेबसिएला, साल्मोनेला, स्यूडोमोनास सगळे.

आणि घराबाहेरचे, म्हणजे ग्राम स्टेनमध्ये नीट दिसतच नाहीत असे: टीबीचा बॅक्टेरिया (त्याला झील-नीलसन स्टेन), मायकोप्लाझ्मा, क्लॅमायडिया, रिकेट्सिया, सिफिलिसचा ट्रेपोनेमा. मायकोप्लाझ्माला तर सेल वॉलच नसते. म्हणजे पेनिसिलिन जातीचं कुठलंही औषध, कितीही भारी, कितीही डोस, त्याला लागू पडणार नाही. हे एकदा पटलं की "न्यूमोनियात अ‍ॅमॉक्सिसिलिनबरोबर अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) का जोडतात" हे घोकावं लागत नाही.

४. कल्चर आधी, औषध नंतर

पहिला डोस जायच्या आधी सॅम्पल. एक डोस गेला तरी कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं, आणि मग पुढचे दहा दिवस सगळे अंदाजावर चालतात. अपवाद फक्त घाईचे: सेप्टिक शॉक (इन्फेक्शनमुळे बीपी कोसळणं) किंवा मेनिंजायटिसचा संशय असेल तर ब्लड कल्चर पटकन घ्यायचं आणि औषध लगेच द्यायचं, स्कॅनसाठी किंवा मणक्यातलं पाणी काढण्यासाठी औषध अडवून धरायचं नाही. शॉकमध्ये पहिल्या तासात औषध गेलंच पाहिजे.

सॅम्पलमध्ये नेहमी काय चुकतं:

ब्लड कल्चरला रक्त कमी घेणं. मोठ्या माणसात एका बाटलीला ८ ते १० मिली लागतं, आणि दोन वेगळ्या जागांहून दोन सेट लागतात. दोन मिली घालून पाठवलेली बाटली निगेटिव्ह आली तर तिला काही अर्थ नाही. दोन सेट कशाला? तर कातडीवरचा कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ एकाच बाटलीत उगवला तर तो बहुधा सुईबरोबर आलेला असतो, दोन्ही सेटमध्ये आला तर विचार करावा लागतो. स्टॅफ ऑरियस मात्र एका बाटलीत आला तरी खराच धरायचा, त्याला "कंटॅमिनेशन असेल" म्हणून सोडून देणं महागात पडतं.

लघवी मधल्या धारेची घ्या आणि दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. ई. कोलाय अनुकूल हवेत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एकाचे तासाला आठ, तीन तासांत पाचशेच्या वर, मग लॅबच्या आकड्याला काय किंमत राहिली. पण मणक्यातलं पाणी फ्रिजमध्ये कधीच ठेवायचं नाही, मेनिंगोकोकससारखे नाजूक बॅक्टेरिया थंडीने मरतात.

बेडक्याच्या नावाखाली थुंकी येते. मायक्रोस्कोपखाली तोंडाच्या सपाट पेशी भरपूर आणि पांढऱ्या पेशी कमी दिसल्या तर ते सॅम्पल परत मागवायचं. आणि गळू असेल तर वरवर स्वॅब फिरवण्यापेक्षा सिरिंजने ओढलेला पू केव्हाही चांगला.

५. औषध घाव कुठे घालतं

जागा मोजक्याच आहेत, आणि तत्त्व एकच, बॅक्टेरियात आहे पण आपल्यात नाही किंवा वेगळं आहे अशा ठिकाणी मारायचं.

भिंत: पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, अ‍ॅझ्ट्रिओनाम ही बीटा-लॅक्टम मंडळी भिंत बांधणाऱ्या प्रोटीनला चिकटतात. व्हॅन्कोमायसिन पण भिंतीवरच काम करतं पण वेगळ्या ठिकाणी, ते भिंतीच्या विटेलाच धरून बसतं. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून हा गट एकूण सुरक्षित.

रायबोसोम: बॅक्टेरियाचा ७०एस, आपला ८०एस. ३० च्या तुकड्यावर जेंटामायसिन, अमिकासिन आणि डॉक्सीसायक्लिन. ५० च्या तुकड्यावर अझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, लिनेझोलिड, क्लोरॅम्फेनिकॉल. आपल्या मायटोकॉन्ड्रियातला रायबोसोम मात्र बॅक्टेरियासारखा असतो, लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की प्लेटलेट घसरतात आणि लॅक्टेट वाढू शकतं, त्यामागे बराचसा हाच संबंध आहे.

डीएनए आणि आरएनए: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन गायरेजवर, मेट्रोनिडाझोल अ‍ॅनेरोबच्या डीएनएवर, रिफॅम्पिसिन आरएनए पॉलिमरेजवर. रिफॅम्पिसिन चालू इन्फेक्शनवर एकटं द्यायचं नाही, रेझिस्टन्स (बॅक्टेरियाने औषधाला दाद न देणं) फार पटकन येतो.

फोलेट: को-ट्रायमोक्साझोल. बॅक्टेरिया फोलेट स्वतः बनवतात, आपल्याला ते खाण्यातून मिळतं. मेंब्रेन: कोलिस्टिन ग्राम निगेटिव्हवर, डॅप्टोमायसिन ग्राम पॉझिटिव्हवर.

बॅक्टेरिया मारणारं का नुसतं वाढ थांबवणारं, यावर पुस्तकात पानंच्या पानं असतात. परीक्षेसाठी करा. प्रत्यक्षात एन्डोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचं आणि झडपांचं इन्फेक्शन), मेनिंजायटिस असल्या ठिकाणी मारणारं निवडतात, बाकी बऱ्याच इन्फेक्शनमध्ये त्याने फारसं बिघडत नाही. त्यापेक्षा डोस कसा वाटायचा हे लक्षात ठेवलेलं जास्त कामाचं: बीटा-लॅक्टमला औषधाची पातळी एमआयसीच्या (वाढ थांबवायला लागणाऱ्या कमीत कमी प्रमाणाच्या) वर किती वेळ राहिली याला महत्त्व, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा किंवा हळूहळू लांबवून. जेंटामायसिन-अमिकासिनला पातळी किती उंच गेली याला महत्त्व, म्हणून बहुतेक वेळा दिवसाचा एकच मोठा डोस. पेनिसिलिनचा डोस "सोयीसाठी" दिवसातून एकदा केला तर एकूण मिलिग्रॅम तेवढेच राहतील पण काम होणार नाही.

६. औषध काय करत नाही ते लिहा

आता ती वही काढा. अर्धंच पान यासाठी, की औषध कशाकशाला चालतं ही यादी लांबलचक असते आणि विसरली जाते, पण कशाला चालत नाही ही यादी छोटी असते आणि पेशंटचं नुकसान तिथेच होतं. माझ्या वहीतलं थोडं:

- सेफॅलोस्पोरिन: एन्टेरोकोकसवर भरवसा ठेवायचा नाही, लिस्टेरियावर तर अजिबात नाही. म्हणूनच पन्नाशीच्या पुढच्या मेनिंजायटिसला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनबरोबर अ‍ॅम्पिसिलिन जोडतात.
- सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन: स्यूडोमोनासला नाही. सेफ्टाझिडीम, सेफेपिम चालतात.
- एर्टापेनेम: बाकी कार्बापेनेमसारखं वाटतं पण स्यूडोमोनास आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरला नाही.
- व्हॅन्कोमायसिन: ग्राम निगेटिव्हला शून्य, रेणू एवढा मोठा की बाहेरच्या मेंब्रेनमधून आतच जात नाही.
- जेंटामायसिन, अमिकासिन: अ‍ॅनेरोबला नाही, कारण पेशीच्या आत ओढलं जायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. पुवाच्या आम्लात पण ढेपाळतं.
- मेट्रोनिडाझोल: अ‍ॅनेरोब आणि काही प्रोटोझोआ, बाकी जवळजवळ कोणाला नाही.
- सिप्रोफ्लॉक्सासिन: न्यूमोकोकसवर कच्चं, म्हणून न्यूमोनियाला लेव्होफ्लॉक्सासिन वापरतात, सिप्रो नाही.
- अ‍ॅझ्ट्रिओनाम: ग्राम पॉझिटिव्हला नाही, अ‍ॅनेरोबलाही नाही.

असं पंधरा-वीस औषधांचं लिहून काढलंत तरी पुष्कळ झालं.

इथे एक मोठा गैरसमज, "हायर अँटिबायोटिक". औषधांची अशी शिडी नसते हो. साध्या स्टॅफ ऑरियसला, म्हणजे एमआरएसए (नेहमीच्या बीटा-लॅक्टमला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस) नाही अशाला, सेफॅझोलिन किंवा क्लॉक्सासिनच्या जातीचं औषध हे व्हॅन्कोमायसिनपेक्षा चांगलं काम करतं. नातेवाईक म्हणतात "डॉक्टर, भारीतलं द्या", आणि नवा ज्युनिअर पण मनातून तसंच मानत असतो. अचूक औषध नावाला जुनं आणि साधं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकचे अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह असे तीन गट पाडले, तेही औषध भारी किती म्हणून नाही, रेझिस्टन्सचा धोका किती आणि राखून काय ठेवायचं यावरून.

७. औषध तिथे पोचतं का?

लॅबमध्ये चालतं, पण पेशंटमध्ये त्या जागी जातच नाही, हा प्रकार फार. नायट्रोफ्युरँटोइन लघवीत साचतं, रक्तात आणि किडनीच्या पेशींत पुरेसं राहत नाही, म्हणून मूत्राशयाच्या इन्फेक्शनला छान, पण थंडी-ताप-कंबरदुखीवाल्या किडनीच्या इन्फेक्शनला चालत नाही. डॅप्टोमायसिनला फुफ्फुसातलं सर्फॅक्टंट निकामी करतं, म्हणजे न्यूमोनियाला बाद. मॉक्सिफ्लॉक्सासिन लघवीत पुरेसं उतरत नाही. पहिल्या पिढीची सेफॅलोस्पोरिन मेंदूच्या पाण्यात जवळजवळ जात नाहीत.

आणि पू साचलाय तिथे कुठलंच औषध नीट पोचत नाही. गळू फोडा, अडकलेली लघवी मोकळी करा, इन्फेक्ट झालेली सेंट्रल लाइन काढा. तीन दिवस ताप उतरत नाही म्हणून औषध बदलण्याआधी सोनोग्राफी झाली का ते बघा.

८. सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट वाचताना

साधारण एक दिवस उगवायला आणि एक दिवस सेन्सिटिव्हिटीला धरा, टीबीला आठवडे लागतात. रिपोर्टवर एस (बॅक्टेरिया दाद देतो), आय (याचा अर्थ खाली सांगते), आर (दाद देत नाही) आणि बहुतेक वेळा एमआयसी, म्हणजे वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी प्रमाण.

सगळ्यात मोठा सापळा: सगळ्यात छोटा एमआयसी आकडा शोधून तेच औषध निवडणं. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून तुलना होतच नाही. ई. कोलायला सिप्रोफ्लॉक्सासिनचा एमआयसी १ आला तर तो आर, आणि अमिकासिनचा २ आला तरी तो एस. एस लिहिलंय ना, मग त्या एस मधून जागा, पेशंटची किडनी, अ‍ॅलर्जी आणि सगळ्यात अरुंद स्पेक्ट्रम बघून निवडा.

दुसरं, आय म्हणजे "मधलं, नकोच" असं नाही. युरोपियन पद्धतीत २०१९ पासून आय चा अर्थ जास्त डोस दिला तर चालेल असा आहे. तुमची लॅब अमेरिकन सीएलएसआय (CLSI) पद्धत वापरते का युरोपियन युकास्ट, हे एकदा विचारून ठेवा, अर्थ वेगळे निघतात.

तिसरं, एस असूनही न चालणारे:

साल्मोनेलाला जेंटामायसिन किंवा पहिल्या-दुसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन लॅबमध्ये चालताना दिसतात, पेशंटमध्ये चालत नाहीत. चांगली लॅब ते छापतच नाही, पण छापलेलं दिसलं तर फसू नका.

स्टॅफला ऑक्सासिलिन किंवा सेफॉक्सिटिन आर असेल तर तो एमआरएसए, मग नेहमीची सगळी पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम बाद, खाली त्यातल्या एखाद्यापुढे एस दिसत असलं तरी.

स्टॅफला एरिथ्रोमायसिन आर आणि क्लिंडामायसिन एस असेल तर डी-टेस्ट (क्लिंडामायसिनचा दडलेला रेझिस्टन्स शोधणारी चाचणी) झाली का विचारा. ती पॉझिटिव्ह असेल तर क्लिंडामायसिन उपचार चालू असताना हातातून जाऊ शकतं.

एन्टेरोबॅक्टरला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन एस आलं तरी तिथेही तसंच, एन्झाइम दबा धरून असतं, औषध सुरू झाल्यावर वर येतं.

शंका आली तर लॅबला फोन करा. मायक्रोबायोलॉजिस्ट लोकांना कोणी विचारलं की मनापासून सांगतात, आणि पाच मिनिटांच्या फोनमध्ये जे कळतं ते पुस्तकात तासभर शोधून सापडत नाही.

९. रेझिस्टन्स, थोडक्यात

बॅक्टेरियाकडे युक्त्या चारच: औषध फोडणारं एन्झाइम बनवणं (बीटा-लॅक्टमेज, त्यातलीच पुढची, म्हणजे बहुतेक सेफॅलोस्पोरिन फोडणारी ईएसबीएल आणि कार्बापेनेमही फोडणारी कार्बापेनेमेज), औषध चिकटतं ती जागाच बदलणं (एमआरएसए, व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारा एन्टेरोकोकस), दार बंद करणं, आणि आत आलेलं बाहेर फेकणं. स्यूडोमोनास यातल्या सगळ्याच वापरतो.

हे आपण बॅक्टेरियाला "शिकवतो" असं नाही. पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवलं, पेशंटना पेनिसिलिन सर्रास मिळायला लागायच्या कितीतरी आधी. म्हणजे रेझिस्टंट बॅक्टेरिया आधीपासून असतातच, आपण औषध देतो तेव्हा बाकीचे मरतात आणि यांना मोकळं रान मिळतं. आणि हे फक्त आजार करणाऱ्या बॅक्टेरियाचं नाही, आतड्यातल्या निरुपद्रवी बॅक्टेरियांचंही होतं, आणि त्यांच्याकडची जीन प्लाझ्मिडवर (डीएनएचा सुटा, एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात जाऊ शकणारा तुकडा) बसून दुसऱ्या जातीत जाते. सर्दीला दिलेली पाच गोळ्यांची पट्टी त्यामुळेच निरुपद्रवी नसते.

१०. आता पेशंटकडे बघा

अ‍ॅलर्जी: "पेनिसिलिन चालत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांना तपासल्यावर ते चालतं. विचारायचं काय तर, नक्की काय झालं, किती वेळाने, किती वर्षांपूर्वी, श्वास अडकला का, अंगावर गांधी उठल्या का, अ‍ॅडमिट व्हावं लागलं का, त्यानंतर कधी अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतलं आणि काही झालं नाही असं आहे का. जुलाब आणि मळमळ ही अ‍ॅलर्जी नाही. ग्लँड्युलर फीव्हर (हा एक व्हायरल आजार) असताना अ‍ॅमॉक्सिसिलिन दिल्यावर येणारं पुरळ हीसुद्धा सहसा खरी पेनिसिलिन अ‍ॅलर्जी नसते. पण तोंड-जीभ सुजली, बीपी पडलं, किंवा कातडी सोलली असं झालं असेल तर ते मोठ्या अक्षरात फाइलवर आणि निर्णय सीनियरकडे.

किडनी: बहुतेक बीटा-लॅक्टम, व्हॅन्कोमायसिन, अमिकासिन यांचा डोस कमी करावा लागतो, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, डॉक्सी, लिनेझोलिड यांचा नाही. पण पहिला डोस सहसा पूर्णच द्यायचा, हे लोक विसरतात आणि पेशंट पहिले दोन दिवस अर्धवट औषधावर राहतो.

प्रेग्नन्सीत टेट्रासायक्लिन (डॉक्सीची जात) आणि अमिकासिनसारखी टाळायची, पेनिसिलिन आणि बहुतेक सेफॅलोस्पोरिन चालतात. क्विनोलोनने (सिप्रो, लेव्होफ्लॉक्सासिनची जात) टेंडन दुखावतात आणि क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर) लांबतं, म्हातारा पेशंट स्टेरॉइडवर असेल तर जास्त सांभाळा. व्हॅन्कोमायसिन भरभर सोडलं की मान-चेहरा लाल होऊन खाज येते, तेव्हा सहसा वेग कमी करून काम भागतं. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते हे आधीच सांगा, नाहीतर पेशंट घाबरून बंद करतो. क्विनोलोन आणि डॉक्सी लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या किंवा अँटासिडबरोबर घेतलं तर पोटातच अडकतं, मधे निदान दोन तास ठेवा. कुठल्याही अँटिबायोटिकनंतर जुलाब वाढत गेले तर क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) डोक्यात ठेवा.

११. ४८ ते ७२ तासांनी परत बघा, आणि थांबायची तारीख लिहा

सुरुवातीला अंधारात मारलेलं ब्रॉड औषध चालतं, रिपोर्ट आल्यावरही तेच चालू ठेवणं चालत नाही. कल्चरमध्ये साधा ई. कोलाय आला, अ‍ॅम्पिसिलिनला एस आहे, पेशंट बरा होतोय, तर मेरोपेनेम खाली आणा. "बरा होतोय ना, मग कशाला हात लावायचा" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल, उत्तर तयार ठेवा. पेशंट तोंडाने घेतोय, ताप उतरलाय, तर लेव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल ही गोळीतून जवळजवळ शिरेतल्याइतकीच रक्तात पोचतात, सुईची गरज नाही.

किती दिवस? सुधारत असलेल्या बाहेरच्या न्यूमोनियाला ५ दिवस पुरतात, साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला नायट्रोफ्युरँटोइन ५ दिवस. रक्तात स्टॅफ ऑरियस असेल तर कमीत कमी १४ दिवस आणि हृदयाचा इको. एन्डोकार्डायटिसला ४ ते ६ आठवडे. औषधांना दाद देणाऱ्या टीबीला साधारण ६ महिने. पेशंटला "मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवूही नका" असं सांगायचं, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवायच्या नाहीत हेही.

फाइलमध्ये औषध लिहिताना चार गोष्टी एकत्र लिहायची सवय लावा: कशासाठी, काय आणि किती डोस, कल्चर कधी पाठवलं, आणि कुठल्या तारखेला थांबायचं. चौथी नसेल तर रात्रपाळीचा माणूस ते औषध बंद करत नाही, सकाळचा करत नाही, आणि रविवारच्या ड्यूटीवाला तर बिलकुल करत नाही.